लाटसाहेबांची बाग

मुलांनो, मोठं घर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? आपल्या परभणी, जिंतूर, पाथरी भागातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे वाडाच येणार. दगडी पायथा, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, माथ्यावर माळवद, पुढे देवडी, मधे चौक, चौकाभोवती ओसरी. धान्य ठेवायला बळद. बाहेरच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नसतातच. म्हणजे वाड्याचं तोंड आतल्या बाजूला असतं. ऊन, वारा, उजेड सगळं चौकातून येतं. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त भिंत दिसते. आत किती माणसं, किती पोती, किती सोनं, काही कळत नाही. चोर-दरोडेखोरांच्या काळात हे शहाणपणाचंच होतं.

आज मी तुम्हांला याच्या अगदी उलट्या घराची गोष्ट सांगणार आहे. या घराचं तोंड बाहेर आहे. चारी बाजूंना खिडक्या, व्हरांडे आणि एक उंच मनोरा. घरात बसून लांबपर्यंत पाहता यावं आणि लांबून घरही दिसावं, अशा बेताने ते बांधलेलं. भोवती शेकडो एकरांची बाग. हे घर पुण्यात आहे. कुणाचा मोठा भाऊ किंवा ताई पुण्याला शिकायला असेल, तर त्यांनी ते पाहिलेलं असणार. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत! पण ती विद्यापीठासाठी बांधलेली नाही, बरं का. ती होती मुंबईच्या गव्हर्नराची, म्हणजे लोकांच्या भाषेत लाटसाहेबाची, पावसाळ्यात राहण्याची कोठी. नाव गणेशखिंड.

घराआधी बागेबद्दल थोडं सांगतो, कारण बागेतच खरी गंमत आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची सहल छत्रपती संभाजीनगरला गेली असेल. बीबी का मकबरा आठवा. सरळ रेषेत जाणारा पाण्याचा पाट, दोन्ही बाजूंना सारखे रस्ते, सारखे वाफे. पट्टी आणि गुण्या घेऊन आखल्यासारखी बाग. तिला चारबाग म्हणतात. इंग्लंडातही पूर्वी अशाच आखीव बागा होत्या. पण सुमारे तीनशे वर्षांपूर्वी तिथल्या जमीनदारांची आवड पालटली. त्यांना वाटू लागलं, की बाग ही बाग वाटूच नये, साधं रान वाटावं. हिरवळीचे चढउतार, मधेच झाडांचा पुंजका, वळत गेलेली वाट, लांबवर तळं. सगळं आपोआप झाल्यासारखं. पण ते आपोआप मुळीच होत नसे! हजारो गाड्या माती इकडची तिकडे करावी लागे. या कामात सगळ्यांत गाजलेला माळी म्हणजे लॅन्सलॉट ब्राउन (१७१६ ते १७८३). कुठल्याही जमीनदाराची जागा पाहिली की हा म्हणे, "इथे पुष्कळ करण्यासारखं आहे." इंग्रजीत त्यासाठी तो 'केपेबिलिटी' हा शब्द वापरी. शेवटी त्याचं नावच 'केपेबिलिटी ब्राउन' पडलं. ब्लेनिम नावाच्या महालापुढे त्याने बांध घालून नदी अडवली आणि भलंमोठं तळं केलं. कशासाठी? तर खिडकीतून दिसायला छान!

आता एक कोडं. हिरवळीवर मेंढ्या चरताना दिसायला हव्यात, पण त्या घराच्या दारापर्यंत येता कामा नयेत. कुंपणही दिसता कामा नये. काय कराल? आपण धुऱ्यावर बोरी-बाभळीची कुपाटी घालतो. ती लांबून दिसते. त्यांनी काय केलं, खंदक खणला. खंदकाची घराकडची बाजू दगडांनी उभी बांधली आणि पलीकडची उताराची ठेवली. घरातून पाहिलं की हिरवळ सलग दिसते आणि मेंढ्या मात्र भिंतीपाशी अडतात. फिरायला निघालेला माणूस एकदम खंदकाच्या काठावर पोचला की दचकून "हा! हा!" करी. म्हणून या खंदकाचं नावच 'हा-हा' पडलं. मी थट्टा करत नाही. इंग्रजी शब्दकोशात पाहा, सापडेल.

पण या सुंदर बागांची एक बाजू हसण्यासारखी नाही. डॉर्सेट परगण्यात मिल्टन नावाच्या एका लॉर्डाला आपल्या घराजवळचं गाव डोळ्यांत खुपू लागलं. दृश्य बिघडतं म्हणून त्याने ते अख्खं गाव उठवलं आणि लोकांना लांब दुसरीकडे नवी घरं बांधून दिली. तिथल्या बागेची आखणी या ब्राउननेच केली होती. आपल्याकडे येलदरी धरणाच्या वेळी पूर्णेकाठची गावं उठली. त्या लोकांचं दुःख त्यांनाच ठाऊक. पण ती उठली पाण्यासाठी. हे गाव उठलं ते खिडकीतून दिसत होतं म्हणून!

असं घर आणि अशी बाग ही इंग्रज साहेबाच्या मनातली मोठेपणाची खूण. तो हिंदुस्थानात आला तेव्हा ही आवड बरोबर घेऊन आला.

आता पुण्याकडे वळू या. पण आधी दापोडीला थांबावं लागेल.

पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी कवायती फौजेची एक पलटण होती. तिचा सेनापती कॅप्टन फोर्ड नावाचा इंग्रज. पगार पेशव्यांचा, माणूस कंपनीचा! फोर्डचा तळ पुण्याजवळ मुळेच्या काठी दापोडीला होता. तिथे त्याने मोठा बंगला बांधला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पेशव्यांची फौज बापू गोखल्यांच्या हाताखाली गणेशखिंडीच्या बाजूने मैदानात उतरली. आणि फोर्ड? तो दापोडीहून आपली पलटण घेऊन निघाला आणि इंग्रजांना जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी पेशवाई संपली.

काही वर्षांनी सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर झाले. १८२८ साली दापोडीचा बंगला सरकारकडे आला. गव्हर्नराने पुण्यात असताना तिथे राहायचं, असं ठरलं. माल्कमसाहेबांनी बंगल्याभोवती बाग केली, पण ती नुसत्या शोभेची नव्हती. देशोदेशींची झाडं इथे रुजतात का, हे तिथे पाहत. लष्करी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती लावत. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन नावाचे गृहस्थ बागेचे प्रमुख झाले. जंगलं अशीच तुटत राहिली तर झरे आटतील, हे त्यांनी सरकारला लिहून कळवलं होतं. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले.

याच गिब्सनसाहेबांनी एका चित्रकाराला हाताशी धरलं आणि बागेतल्या झाडाफुलांची चित्रं काढून घेतली. पान, फूल, फळ, बी, सगळं जसंच्या तसं. शंभरावर चित्रं! ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. २००२ साली त्यांच्यावर मोठं पुस्तकही निघालं. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी होता, एवढंच कळतं. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. गव्हर्नरांची नावं आहेत, डॉक्टरांची आहेत, प्रत्येक झाडाचं तर लॅटिन नावसुद्धा आहे! तुमच्या चित्रकलेच्या वहीवर नाव घालायला विसरता, तेव्हा मी का रागावतो ते आता कळलं ना?

दापोडीच्या त्या परिसरात आज आपल्या एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तुम्ही ज्या लाल गाडीतून शाळेला येता, तशा गाड्यांची बांधणी आणि दुरुस्ती तिथे होते.

मग दापोडी सोडून गणेशखिंडीत एवढं मोठं घर कशाला? त्याचं उत्तर ऐकून तुम्हांला नवल वाटेल. त्याचा धागा कापसाचा आहे. आपल्या काळ्या रानात पिकतो तसल्या कापसाचा!

१८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी पेटली. इंग्लंडच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. तो यायचा थांबला. गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवलं. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडचा, खानदेशचा, गुजरातचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर येऊन पडू लागला आणि पैशांचा नुसता पूर आला. बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करायच्या योजना निघाल्या. त्या वेळी गव्हर्नर होते सर बार्टल फ्रियर. हौशी आणि हात सैल असलेला माणूस. त्यांनी मुंबई किल्ल्याचे तट पाडून नव्या इमारतींना जागा मोकळी केली आणि इकडे पुण्यात १८६४ साली गणेशखिंडीत नव्या कोठीचं काम सुरू केलं. आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुशास्त्रज्ञाचा.

पण १८६५ साली अमेरिकेतली यादवी संपली. कापसाचे भाव गडगडले. मुंबईत कालचे लखपती एका दिवसात कंगाल झाले. बँक ऑफ बॉम्बेसारखी बँक बुडाली. (भाव पडला की काय होतं, हे परभणीच्या मुलांना कुणी समजावून सांगायला नको.) कोठी मात्र अर्धीच झाली होती. ती तशीच सोडायची की पुरी करायची? पुरीच केली. १८७१ साली काम संपलं, तेव्हा फ्रियरसाहेब कधीच इंग्लंडला परतले होते. एवढा खर्च झाला, की लंडनच्या पार्लमेंटातही 'ही उधळपट्टी आहे' अशी ओरड झाली. पैसा अखेर कुणाच्या खिशातला? शेतसारा भरणाऱ्यांच्या.

घर कसं आहे? गॉथिक आणि इटालियन अशी मिसळ. कमानींचे लांब व्हरांडे, उतरती छपरं आणि सुमारे ८० फूट उंचीचा चौकोनी मनोरा. इंग्लंडच्या दक्षिणेला एका बेटावर राणी व्हिक्टोरियाने ऑस्बॉर्न हाउस नावाचं घर बांधलं होतं. गणेशखिंडीचा मनोरा पाहून अनेकांना त्या घराची आठवण होते. एक गंमत ऐका. पुण्यात इंग्लंडसारखं घर उभं राहिलं आणि वीस वर्षांनी ऑस्बॉर्नमध्ये राणीने लाहोरच्या भाई रामसिंग या कारागिराकडून हिंदुस्थानी पद्धतीचा दरबार हॉल सजवून घेतला. जे आपल्याजवळ नाही, तेच प्रत्येकाला हवं!

गव्हर्नरसाहेबांचं वर्ष कसं जाई तेही सांगतो. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे. म्हणजे हे आलिशान घर वर्षातले चारएक महिने वापरायचं. एरवी माळी, चौकीदार आणि झाडणारे-पुसणारे. पण बाग वर्षभर सांभाळावी लागे. पुण्याच्या पश्चिमेचा तो भाग म्हणजे उघडा, खडकाळ माळ. जून ते सप्टेंबर हिरवा आणि मार्चपासून करडा. इंग्लंडात बारमाही भुरभुर पाऊस असतो, म्हणून तिथे हिरवळ राहते. इथे ती ठेवायची म्हणजे पाणी, पाणी आणि पाणी. शेजारीच १८७३ साली गणेशखिंडीचं वनस्पती उद्यानही सुरू झालं. दापोडीच्या बागेचा वारसा तिथे आला, असं म्हणायला हरकत नाही.

आता मुलांनो, जरा सरसावून बसा. गोष्टीतला अवघड भाग आला.

१८९७ साल. पुण्यात प्लेगची साथ आली होती. माणसं पटापट मरत होती. सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड नावाच्या अधिकाऱ्याला नेमलं. त्याने गोऱ्या सोल्जरांकडून घरोघर झडती सुरू केली. रोगी शोधणं गरजेचं होतं, यात शंका नाही. पण सोल्जर बूट घालून देवघरात शिरत, सामान रस्त्यावर फेकत, बायकामाणसांना उघड्यावर तपासत. लोक रोगापेक्षा झडतीला भिऊ लागले.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत रोग्यांची सेवा करत होते. मुंढव्याकडच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या वेळी त्यांचं वय ६६ होतं.

तीन महिन्यांनी, २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीच्या कोठीत मोठी मेजवानी झाली. गव्हर्नर होते लॉर्ड सँडहर्स्ट. रोषणाई, बँड, घोडागाड्यांची रांग. साथ तोवर ओसरली होती, पण किती घरांत सुतक फिटलं नव्हतं! रात्री मेजवानी आटोपून गाड्या निघाल्या. गणेशखिंडीच्या रस्त्यावर अंधारात चिंचवडचे दोन भाऊ उभे होते, दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर. दामोदरपंतांनी रँडच्या गाडीवर मागून चढून गोळी झाडली. मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्णाने गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पुढे दामोदर, बाळकृष्ण आणि धाकटा वासुदेव हे तिघे सख्खे भाऊ आणि त्यांचा मित्र महादेव रानडे, असे चौघे फाशी गेले. एका आईचे तीन मुलगे!

वर्गात हा धडा झाला तेव्हा एका मुलाने मला विचारलं, "सर, मग आयर्स्टचा काय गुन्हा होता?" मी त्याला म्हटलं, की हा प्रश्न विचारायचा असतो. तो प्लेगच्या कामावरचा रँड नव्हता. लष्करातला तरुण अधिकारी होता आणि मेजवानीहून घरी चालला होता. ज्या झडत्यांनी चापेकरांचं रक्त पेटलं त्या खऱ्या आणि आयर्स्टचा मृत्यूही खरा. दोन्ही लक्षात ठेवा. घरी आई-बाबांशी बोला.

त्या रात्रीनंतरही कोठी होतीच. गव्हर्नर येत राहिले, जात राहिले. स्वातंत्र्य आलं. आणि मग एक चांगली गोष्ट झाली. पुण्याला स्वतःचं विद्यापीठ हवं, ही मागणी जुनी होती. मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी पुढाकार घेतला आणि गव्हर्नराची कोठी, भोवतालच्या चारशेहून अधिक एकरांसकट, विद्यापीठाला मिळाली. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज त्यांचंच नाव आहे. जिथे मेजवान्या झडत, तिथे परीक्षांची आणि पदव्यांची बोलणी सुरू झाली. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव दिलं गेलं आणि २०२२ साली मुख्य इमारतीजवळ त्यांचा पुतळा बसला. १८९७ च्या जूनमध्ये त्या हिरवळीवर ज्यांना कुणी बोलावलं नसतं, त्यांच्या नावाची पाटी आज फाटकावर आहे.

आणि बाग? ती आहे, पण तिच्यात वसतिगृहं, प्रयोगशाळा, रस्ते आले. विज्ञानकथा लिहिणारे जयंत नारळीकर सगळ्यांना माहीत आहेतच. त्यांनी १९८८ साली उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था याच आवारात आहे. तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे एकाच अंगणात आहेत आणि पृथ्वी फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबकही आहे. जवळच्या गणेशखिंड उद्यानाला २०२० साली 'जैवविविधता वारसा स्थळ' म्हणून संरक्षण मिळालं. फाटकाबाहेरच्या गणेशखिंड रस्त्याचं नशीब मात्र वेगळं. रस्ता रुंद करायचा आणि वरून मेट्रो न्यायची म्हणून तिथली जुनी झाडं गेली, त्यांत मोठमोठे वडही होते. लोक कोर्टात गेले. वाहतूक अडते हे खरंच. पण वड एका पंचवार्षिक योजनेत वाढत नाही, हेही खरं.

परभणीच्या मुलांनी यासाठी पुण्यालाच जायला हवं असं नाही. आपल्या कृषी विद्यापीठाचं आवार पाहा. तिथेही रांगेने लावलेली झाडं, मोकळी रानं आणि मधे इमारती आहेत. आणि मेहबूब बाग ऐकली आहे ना? निजामाच्या काळातलं नाव. तिथे कापसाचं संशोधन केंद्र आहे. आपल्या गावराणी कापसावर तिथे काम झालं. कापसाच्या पैशातून एक बाग पुण्यात झाली आणि एका बागेत इथे कापूस वाढला!

जाता जाता, आईबाबांनीही करून पाहावी अशी एक कृती देतो. ब्राउननंतर इंग्लंडात हम्फ्री रेप्टन नावाचा बागांचा आखणीकार होऊन गेला. जमीनदाराला आपली योजना समजावी म्हणून तो लाल कातडी बांधणीची वही करी. पानावर जागेचं चित्र. त्याच्या एका भागावर कागदाची झडप चिकटवलेली. झडप मिटलेली असली की जागा आज कशी आहे ते दिसे. झडप उचलली की पुढे कशी दिसेल ते. जमीनदार झडप उचलून पाहत आणि खूश होऊन खिसा सैल सोडत.

तुम्ही शाळेच्या मैदानाचं असंच चित्र काढा. आधी नव्या मैदानाचं चित्र काढून रंगवा. मग जिथे काही बदललं असेल, तेवढ्याच मापाचा कागद कापा, त्यावर आजचं मैदान काढा आणि एका कडेने चिकटवा. झाड कुठलं लावणार ते नावानिशी लिहा. कडुलिंब, चिंच, करंज, काहीही. पण एप्रिल-मेमध्ये त्याला पाणी कोण घालणार आणि कुठून आणणार, तेही त्याच कागदाच्या पाठीमागे लिहा. ते न लिहिलेलं चित्र मी धरणार नाही. आणि हो, खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव घाला.